जाहिराती लावून उरलेली जागा

दुपारी चारच्या सुमारास जाहिरात विभागाकडून पानांची डमी, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या अंकाचा कोरा आराखडा, बातम्यांच्या डेस्कवर येत असे. पान तीन: अर्धे पान. पान पाच: खालची पट्टी. पान सात: पूर्ण. पेनाने आखलेल्या त्या चौकटींत जाहिरातदारांची नावे लिहिलेली असत आणि जे पांढरे उरेल ते आमचे, म्हणजे बातम्यांचे. फार मोठी घटना घडली तर एखादी जाहिरात दुसऱ्या दिवसावर ढकलली जाई, पण त्यासाठी वरपर्यंत फोन करावे लागत. जाहिरात आली म्हणून बातमी ढकलायला मात्र कुणालाच विचारावे लागत नसे. उपसंपादक म्हणून मी बरीच वर्षे पाने लावली. माध्यमे लोकांचे मत कसे घडवतात याचा विचार करू लागलो की मला अजूनही आधी ती डमी आठवते.

या विषयावरची चर्चा हमखास खोट्या बातम्यांवर येऊन थांबते. खोट्या बातम्या आहेत, त्यांनी माणसे मेली आहेत, त्यांचे गांभीर्य मला कमी करायचे नाही. पण डेस्कवर बसून मी जे पाहिले ते असे की छापलेले बहुतेक सगळे खरे असते. बैठक झालेली असते, पुढारी तसे बोललेले असतात, आकडा बरोबर असतो. तरीही त्या खऱ्या बातम्यांच्या ढिगातून वाचकाच्या मनात जगाचे जे चित्र उभे राहते ते पार वाकडे असू शकते. काय घ्यायचे, कुठे लावायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे आणि चुकले तर काय करायचे, या निर्णयांतून ते चित्र तयार होते. पहिल्या तिन्हींवर पुष्कळ बोलले गेले आहे. शेवटच्या निर्णयाबद्दल फारसे कुणी विचारत नाही आणि माझी सगळी तक्रार तिथेच आहे. पण क्रमाने जातो.

१९६८ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन अभ्यासकांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलमध्ये, मत कुणाला द्यायचे हे अजून न ठरवलेल्या १०० मतदारांना एकच गोष्ट विचारली: तुमच्या मते आज देशापुढचे मुख्य प्रश्न कोणते? त्याच काळात ते लोक वाचत आणि पाहत असलेल्या वर्तमानपत्रांत, मासिकांत आणि टीव्हीवर कोणत्या प्रश्नाला किती जागा मिळाली हेही त्यांनी मोजले. दोन्ही याद्यांचा क्रम जवळजवळ तोच निघाला. १९७२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावर रास्त शंका अशी होती की माध्यमेच लोकांच्या मागे जात असतील तर? पुढच्या दशकात शांतो अय्यंगार आणि डोनाल्ड किंडर यांनी लोकांना आठवडाभर रोज संध्याकाळच्या बातम्या दाखवल्या, पण त्यांत मुद्दाम काटछाट करून. ज्यांना संरक्षणाच्या बातम्या जास्त दाखवल्या त्यांना आठवड्याअखेर संरक्षणाचा प्रश्न आधीपेक्षा मोठा वाटू लागला. इतकेच नव्हे, तर आपला अध्यक्ष बरा की वाईट हेही ते आता त्याच मोजपट्टीने ठरवू लागले. कुणी त्यांना ‘असे मत बनवा’ म्हणून सांगितले नव्हते. फक्त एका विषयाचा दिवा मोठा केला होता आणि बाकीच्यांचा बारीक.

डेस्कवर हा दिवा कुणी कपट करून मोठा-बारीक करत नाही. सात वाजलेले असतात, दोन बातमीदार रजेवर असतात, एका बातमीला चांगला फोटो आहे आणि दुसरीला नाही. फोटोवाली वर जाते. धरणातले पाणी वर्षभर हळूहळू दूषित होत गेले, याचा फोटो कसा काढणार? ज्या गोष्टीला घडण्याची तारीख नाही, तिची बातमी होत नाही. भांडणाला तारीख असते. भाषणाला तर वेळसुद्धा असते, आणि त्याचे प्रसिद्धीपत्रक आधीच मेलवर आलेले असते.

शब्दांचे प्रकरण याहून बारीक आहे, आणि आपल्या भाषेपुरते बोलायचे तर फारच सोयीचे. मराठीत ‘करणे’च्या जागी ‘होणे’ आणले की कर्ता वाक्यातून निघून जातो आणि वाक्य तरीही व्याकरणशुद्ध राहते. ‘गोळीबार झाला, दोघांचा मृत्यू’ हा मथळा मी स्वतः किती वेळा दिला असेल याची गणती नाही. गोळी कुणी झाडली? मथळ्यात तो माणूसच नाही. पाऊस झाला तसा गोळीबार झाला. हाच प्रसंग जमावाकडून घडला की मात्र कर्ता चटकन परत येतो: ‘जमावाने दुकाने फोडली’. घरे पाडली जातात तेव्हा ‘अतिक्रमण हटवले’ असे लिहिले जाते, माणसे कामावरून काढली जातात तेव्हा ‘मनुष्यबळाची फेररचना’ होते. यातला एकही शब्द खोटा नाही. ते शब्द ज्याने प्रसिद्धीपत्रक लिहिले त्याचे आहेत आणि घाईच्या वेळी आपण ते उचलतो, इतकेच.

शब्द बदलल्याने माणसाचा निर्णय किती फिरतो हे १९८१ साली अमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी आकड्यांत दाखवले. एका साथीत ६०० लोक मरण्याची शक्यता आहे, उपाय दोन आहेत, एक निवडा. पहिल्या उपायाने ‘२०० लोक वाचतील’ असे सांगितले तेव्हा ७२ टक्के लोकांनी तो निवडला. दुसऱ्या गटाला त्याच उपायाबद्दल ‘४०० लोक मरतील’ असे सांगितले, तेव्हा तो फक्त २२ टक्क्यांना पटला. गणित तेच, माणसे तेवढीच. आणि हे सगळे लोक शांतपणे बसून, कागद वाचून उत्तर देत होते. धावत्या बसमध्ये मथळा वाचणाऱ्याचे काय होत असेल ते यावरून ओळखावे.

आता जाहिरातीकडे येतो. जाहिरात आपल्याला भुलवून वस्तू घ्यायला लावते, ही भीती सर्वांना ठाऊक आहे. मला तिच्याहून दुसरी गोष्ट जास्त घातक वाटते: जाहिरात बातमीचे काय करते.

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. ज्ञान लोकांपर्यंत न्यायचे या ध्यासाने चाललेले ते पत्र १८४० साली बंद पडले. ‘दर्पण’च्या दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर १८३३ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे याने ‘सन’ काढले. तिथली इतर दैनिके सहा सेंटला मिळत, याने आपले एका सेंटला विकले. खर्च वाचकाकडून निघायचा नव्हताच. स्वस्त अंकामुळे जमणारी गर्दी जाहिरातदाराला विकायची, हा त्यामागचा हिशेब होता, आणि तो इतका चालला की आजही जगातली कितीतरी माध्यमे त्याच हिशेबावर उभी आहेत. त्या दिवसापासून वाचक गिऱ्हाईक राहिला नाही. तो माल झाला.

मालकाच्या केबिनमधून फोन येतो आणि बातमी मारली जाते, अशी लोकांची कल्पना असते. तसेही होत असेल. मी पाहिले ते याहून खूप शांतपणे घडणारे होते. आमच्या एका बातमीदाराने एका मोठ्या जाहिरातदाराविरुद्धच्या तक्रारींची बातमी आणली होती. कागदपत्रांसह, चोख. तिला कुणीही नाही म्हटले नाही. पहिल्या दिवशी ‘जरा तपासून घेऊ’ झाले. दुसऱ्या दिवशी त्या कंपनीची बाजू घ्यायची राहिली होती. तिसऱ्या दिवशी जागा नव्हती, आणि चौथ्या दिवशी बातमी शिळी झाली होती. त्या मुलाने पुढे तशी बातमी पुन्हा आणली नाही. त्याला कुणी बजावले नव्हते, बजावावे लागलेच नाही.

ही एका डेस्कची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण केनेथ वॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ९९ अमेरिकन नियतकालिकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. धूम्रपानाच्या धोक्यांवर कोण किती लिहिते आणि कुणाच्या उत्पन्नात सिगारेटच्या जाहिरातींचा वाटा किती, याची त्यांनी सांगड घातली. ज्यांचा वाटा मोठा, त्यांच्या पानांवर धोक्यांविषयी लिहून येण्याची शक्यता कमी. स्त्रियांच्या मासिकांत हा फरक विशेष ठळक होता. त्या मासिकांनी वाचकांना काहीही खोटे सांगितले नाही, ती फक्त गप्प राहिली. सिगारेट ओढणाऱ्या बाईने मासिकातली सिगारेटची जाहिरात पाहून नाक मुरडले असेल, तिच्यावर त्या चित्राचा काडीइतका परिणाम झाला नसेल. पण त्या जाहिरातीने मासिकातून जे बाहेर ठेवले ते तिला कधी कळलेच नाही.

सिगारेट कंपन्यांनी बातमीदारीच्या चांगल्या सवयीसुद्धा आपल्या कामाला लावल्या. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या ४०० हून अधिक वर्तमानपत्रांत त्यांनी पानभर निवेदन छापले. धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, तरीही लोकांच्या आरोग्याची आम्हाला काळजी आहे आणि आम्ही संशोधन करू, असा त्याचा सूर होता. पुढे बाहेर आलेल्या १९६९ सालच्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात स्पष्ट लिहिले होते की शंका हेच आपले उत्पादन आहे. हे उत्पादन खपवायला विक्रेते लागले नाहीत. ‘दोन्ही बाजू द्यायच्या’ हा प्रत्येक नवख्या बातमीदाराला शिकवला जाणारा धडा पुरेसा होता. एका बाजूला वर्षानुवर्षांचे संशोधन आणि दुसऱ्या बाजूला कंपनीच्या पगारावरचा तज्ज्ञ, दोघांना सारख्याच ओळी. वाचकाने काय समजायचे? अजून वाद चालू आहे, असेच.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, नाहीतर माझे म्हणणे एकांगी होईल. लोक काही कळसूत्री बाहुल्या नाहीत. १९४० च्या निवडणुकीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी ओहायो राज्यातल्या एका परगण्यात काही महिने त्याच त्या मतदारांना भेटत राहिले. प्रचाराने मते फिरलेली माणसे त्यांना थोडी सापडली. शेजारी, घरचे आणि कामावरचे लोक यांचे वजन रेडिओ-वर्तमानपत्रांहून जास्त निघाले. हे मला पटते. बातमीदाराच्या सांगण्यावरून कुणी आपला पक्ष बदलत नाही. पण शेजाऱ्याशी कट्ट्यावर कोणत्या विषयावर बोलायचे, हा विषय आला कुठून? आणि जो विषय आलाच नाही त्यावर शेजारी तरी काय बोलणार?

शिवाय परिणाम होतो तो दुसऱ्यांवर, माझ्यावर नाही, असे प्रत्येकालाच वाटते. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ साली या समजुतीवर लिहिले होते. मी तर हे काम करणारा माणूस, मला सगळे आतून माहीत. तरीही रजेवर असताना मी आमचाच अंक वाचायचो आणि पहिल्या पानावर आहे ते मोठे, आठव्यावर आहे ते किरकोळ असे मानून चालायचो. ते पान आदल्या रात्री कसे लागले असेल हे माहीत असूनसुद्धा.

आता त्या शेवटच्या निर्णयाबद्दल, म्हणजे चूक झाल्यावर काय करायचे या निर्णयाबद्दल.

एका संस्थेतल्या अफरातफरीची बातमी होती. रात्री उशिरा आली, पहिल्या पानावर, घडीच्या वर, म्हणजे अंक दुमडलेला असतानाही दिसेल अशा जागी लागली. मथळा मी दिला. वस्तुस्थिती इतकीच होती की एका कारकुनाची चौकशी सुरू झाली होती. त्या कॉलमांत ‘चौकशी सुरू’ मावत नव्हते. ‘ठपका’ मावत होते. मी ‘कर्मचाऱ्यावर ठपका’ असे लिहिले आणि पुढच्या पानाकडे वळलो. नाव छापले नव्हते, पण त्या खात्यात असा एकच माणूस होता. सात आठवड्यांनी चौकशीत तो निर्दोष ठरला. नवव्या पानावर, ‘खुलासा’ या शीर्षकाखाली, आम्ही पाच ओळी छापल्या.

दोन दिवसांनी तो कार्यालयात आला. आवाज चढवला नाही. शर्टाच्या खिशातून घडी घातलेले कात्रण काढून त्याने टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “साहेब, आरोपाची बातमी लोकांनी मला आणून दाखवली होती. ही मीच लोकांना दाखवत फिरतोय.”

त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हते. पाच ओळी छापून आम्ही नियम पाळला होता. कायद्याने, रीतीने, सगळ्याने.

१९९४ साली हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोदामाला आग लागल्याची बातमी लोकांना तुकड्यातुकड्याने वाचायला दिली. आधी कळते की एका कपाटात रंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या होत्या. मग दुरुस्ती येते: ते कपाट रिकामे होते. दुरुस्ती वाचली, लक्षात राहिली, तरीही आग का भडकली असे विचारल्यावर लोक रंग आणि गॅस यांच्याकडेच बोट दाखवत राहिले. दुरुस्तीबरोबर आगीचे दुसरे कारण दिले तेव्हा कुठे तो परिणाम बराच उतरला. मनातली काढून घेतलेली जागा रिकामी राहत नाही. तिथे काहीतरी ठेवावे लागते. आमच्या पाच ओळींत तो निर्दोष असल्याचे होते. पैसे मग गेले कुठे, याचा शब्दही नव्हता, आणि म्हणून वाचणाऱ्याच्या मनात तो कारकून तिथेच उभा राहिला.

मोठ्या वर्तमानपत्रांतही हेच होते, फक्त किंमत फार मोठी असते. इराककडे महासंहारक शस्त्रे असल्याच्या बातम्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २००२ साली पहिल्या पानावर छापल्या. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाले. शस्त्रे सापडली नाहीत. आपल्या त्या बातम्यांत कुठे काय कमी पडले हे सांगणारी संपादकांची टीप २६ मे २००४ रोजी आली, आणि ती छापली गेली आत, दहाव्या पानावर. टीप लिहिण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, हे मान्यच. पण पान कोणते निवडले ते पाहा.

फोनवर सगळे आल्यापासून हा असमतोल कमी झालेला नाही, वाढला आहे. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त होती. १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खरीला सहापट वेळ लागत होता. आणि हे यंत्रे करत नव्हती, माणसेच करत होती, कारण खोटी गोष्ट जास्त नवलाची असते. दुरुस्तीत नवल कसले? ‘तसे काही घडले नव्हते’ हे वाक्य कुणी कुणाला पाठवत नाही. पूर्वी निदान आरोप आणि खुलासा एकाच अंकाच्या वाचकांकडे जायचे. आता आरोप एकाच्या फोनवर जातो आणि खुलासा दुसऱ्याच्या.

‘सावध राहा, तपासून पाहा’ असा सल्ला वाचकाला दिला जातो. सल्ला वाईट नाही, पण दिवसभर राबून आलेल्या माणसाने बारा ठिकाणी पडताळून मग बातमी वाचावी, हा न्याय कुठला? चूक करणाऱ्याने ती निस्तरावी. म्हणून माझी मागणी साधी आहे. चूक ज्या पानावर, ज्या जागी, जेवढ्या मथळ्यात झाली, दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मथळ्यात यावी. ‘हे चूक होते’ एवढ्यावर न थांबता खरे काय घडले तेही त्यात असावे. वाहिनीने नऊच्या बातम्यांत आरोप केला असेल तर दुरुस्तीही नऊलाच. चुकीचा अलर्ट ज्या फोनांवर वाजला, त्याच फोनांवर दुरुस्तीचा अलर्ट वाजावा. हे तर तंत्राने आज सहज शक्य आहे, कारण कुणाला काय पाठवले याची नोंद कंपन्यांकडे असतेच. जाहिरातदाराला ती रोज दाखवली जाते.

मला माहीत आहे यावर काय म्हणतील. पहिल्या पानावर चुका कबूल करत बसलो तर विश्वास कोण ठेवणार, हे एक. विश्वास आता राहिला आहे कुठे, असे मी विचारीन. डॉक्टरने चूक लपवली तर रुग्णाचा विश्वास वाढत नाही. दुसरा आक्षेप खरा आहे: नावातली वेलांटी चुकली म्हणून चार कॉलम द्यायचे का? नाही. पण ज्या चुकीने माणसाची अब्रू जाते, एखाद्या समूहाकडे बोट दाखवले जाते किंवा देश युद्धाला तयार होतो, ती चूक कोणती हे ओळखायला डेस्कवरच्या कुणालाही पाच मिनिटे लागणार नाहीत. तिसरा आक्षेप उघड कुणी बोलत नाही, पण खरा अडसर तोच आहे. पहिल्या पानाची जागा महाग असते.

तिच्यासाठीही वाट आहे, आणि ती चारच्या डमीतून जाते. जाहिरात विभागाकडे कोरे पान जाण्याआधी संपादकाने त्यावर दुरुस्तीची चौकट आखावी. पान एक, घडीच्या वर, चार कॉलम. जाहिरातींच्या चौकटी त्यानंतर आखाव्यात.